गच्ची एकीकडे, वापर दुसरीकडे: नेरूळच्या एका सोसायटीतील सौरऊर्जेचा प्रकरण अभ्यास

नवी मुंबईतल्या नेरूळमध्ये सिडकोने, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, बांधलेल्या तीन इमारतींची एक सहकारी गृहनिर्माण संस्था आहे असे धरू. इमारती तळमजला अधिक चार मजल्यांच्या, प्रत्येकीत वीस सदनिका, म्हणजे एकूण साठ कुटुंबे. लिफ्ट नाही. सामाईक वीज लागते ती पाण्याच्या पंपांना, जिन्यातल्या दिव्यांना आणि आवारातल्या दोन-चार खांबांना. संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा विषय येतो, त्यावर भरपूर बोलणे होते आणि शेवटी तो पुढच्या सभेवर ढकलला जातो. ही संस्था प्रातिनिधिक आहे आणि तिचे आकडे गणितासाठी धरलेले आहेत. मात्र तिला लागू होणारे कायदे, योजना आणि अनुदानाचे दर प्रत्यक्षातले आहेत. वाशी, नेरूळ, बेलापूर किंवा कोपरखैरणे येथे सिडकोच्या जुन्या इमारतीत राहिलेल्या माणसाला तिच्यात आपली सोसायटी सहज ओळखू येईल.

हा विषय का रखडला, हे तपासणे महत्त्वाचे आहे, कारण त्याचे नेहमी दिले जाणारे उत्तर, म्हणजे ‘लोकांना खर्च परवडत नाही’ किंवा ‘लोकांमध्ये जागरूकता नाही’, येथे लागू पडत नाही. सभेला आलेल्या सभासदांना सौरऊर्जेची माहिती आहे, वीजबिलाचा जाच आहे आणि अनुदानाची बातमीही त्यांनी वाचलेली आहे. माझ्या मते या संस्थेच्या बाबतीत नवोपक्रम धोरणाने, म्हणजे नवे तंत्रज्ञान लोकांपर्यंत पोहोचवण्याच्या सरकारी धोरणाने, आपले निम्मे काम उत्तम केले आहे आणि उरलेल्या निम्म्याला अजून हातच घातलेला नाही. पॅनेल स्वस्त झाले. परंतु साठ कुटुंबांनी एकत्र मालकीच्या गच्चीवर ते बसवायचे कसे, त्यातून येणारी वीज वाटून घ्यायची कशी आणि इमारत पाडायची वेळ आली तर त्याचे करायचे काय, याची सहज हाती येणारी व्यवस्था कोणीही तयार करून दिलेली नाही.

किंमत कशी उतरली

जर्मनीने २००० साली अक्षय ऊर्जेचा कायदा करून सौर विजेला वीस वर्षांसाठी ठरावीक दराने खरेदीची हमी दिली. त्या हमीमुळे मागणी निर्माण झाली, मागणीमुळे कारखाने उभे राहिले आणि पुढे चीनमध्ये हे उत्पादन प्रचंड प्रमाणावर होऊ लागल्यावर पॅनेलची किंमत दरवर्षी घसरत गेली. भारताने २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू केले, तेव्हा पहिल्या फेरीच्या लिलावात मिळालेले दर युनिटमागे १०.९५ ते १२.७६ रुपये होते. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथील लिलावात हाच दर २.४४ रुपयांवर आला. संशोधनाला पैसा पुरवणे आणि बाजारात मागणी तयार करणे, या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी जोर लावला की तंत्रज्ञान किती वेगाने स्वस्त होते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण आहे.

एलईडी दिव्यांच्या बाबतीत हीच पद्धत आपण घरोघरी अनुभवली. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली. सरकारी कंपनीने कोट्यवधी दिव्यांची एकत्रित खरेदी केल्यामुळे २०१४ मध्ये सुमारे ३१० रुपयांना पडणारा दिवा दोन-तीन वर्षांत ४० रुपयांच्या खाली आला आणि वीजबिल भरणा केंद्रावर बिल दाखवून लोक तो घरी नेऊ लागले. मात्र या यशामागची एक अट सहसा लक्षात घेतली जात नाही. दिवा बदलायला शेजाऱ्याची संमती लागत नाही, त्याचा लाभ ज्याने बसवला त्याच्याच बिलात दिसतो आणि घर सोडताना तो काढून नेता येतो. ज्या वस्तूला या तिन्ही गोष्टी लागू होतात तिच्यासाठी किंमत उतरवणे पुरेसे ठरते. सामाईक गच्चीवरील सौर प्रकल्पाला यांतली एकही लागू होत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेली पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना ही त्याच धोरणपरंपरेतली आहे. एक कोटी घरांसाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेत वैयक्तिक घराला पहिल्या दोन किलोवॅटसाठी किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये, असे कमाल ७८,००० रुपये मिळतात. गृहनिर्माण संस्थांना सामाईक सुविधांसाठी, ज्यात विद्युत वाहनांचे चार्जिंगही येते, किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. मर्यादा ५०० किलोवॅटची आणि घरामागे तीन किलोवॅटची. आकडे उदार आहेत, यात शंका नाही.

छप्पर आणि मीटर यांचा न बसलेला मेळ

आता आपल्या संस्थेकडे वळू. तीन गच्च्यांचे एकूण क्षेत्रफळ ७५० चौरस मीटर धरले आणि पाण्याच्या टाक्या, जिन्याची केबिन, त्यांच्या सावल्या आणि देखभालीसाठी लागणारी वाट वजा केली, तर सुमारे ५०० चौरस मीटर जागा उरते. एका किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर जागा लागते, म्हणजे ५० किलोवॅटचा प्रकल्प बसू शकतो. मुंबईच्या परिसरात पावसाळ्याचे महिने धरूनही एका किलोवॅटपासून वर्षाला सुमारे १,३५० युनिट मिळतात. या हिशेबाने संपूर्ण गच्ची वापरली, तर वर्षाला ६७,५०० युनिट तयार होतील.

संस्थेचा सामाईक वापर मात्र महिन्याला ८०० युनिट, वर्षाला ९,६०० युनिट इतकाच आहे. त्यासाठी सात किलोवॅट पुरतात. नेट मीटरिंगमध्ये आपल्या मीटरवरच्या वापरापेक्षा जास्त तयार झालेली वीज पुढच्या महिन्यांत वळती होते. परंतु वर्षअखेरीस शिल्लक राहिलेल्या युनिटांना मिळणारा दर ग्राहक स्वतः भरत असलेल्या दरापेक्षा बराच कमी असतो. त्यामुळे कोणताही समंजस खजिनदार सात किलोवॅटच्या पुढे जाणार नाही. याला आणखी एक कारण आहे. वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेचा अभ्यास लागत नाही. त्यापुढे तो लागतो. चांगल्या हेतूने केलेली ही सवलत छोट्या घरमालकाला खरोखर उपयोगी आहे, पण सोसायटीला ती अजाणता लहान प्रकल्पाकडे ढकलते.

सात आणि पन्नास यांतील ४३ किलोवॅटच या प्रकरणाच्या मुळाशी आहेत. साठ सदनिकांचा सरासरी वापर महिन्याला २०० युनिट धरला, तर वर्षाला १,४४,००० युनिट होतात. सामाईक वापर मिळवून ही बेरीज १,५३,६०० वर जाते. संपूर्ण गच्ची वापरली, तर त्यातील ४४ टक्के वीज इमारतींच्या माथ्यावरच तयार होऊ शकते. केवळ सामाईक मीटरचा विचार केला, तर जेमतेम सहा टक्के. राष्ट्रीय ग्रिडमधील एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो असे धरले, तर पहिल्या पर्यायात वर्षाला ४७ टन उत्सर्जन टळते आणि दुसऱ्यात सात टनही नाही.

शेजारच्या ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील अठ्ठावीस मजली टॉवरशी याची तुलना करून पाहावी. तिथे शंभराहून अधिक सदनिकांच्या डोक्यावर एकच गच्ची असते, ज्यावर फार तर तीस किलोवॅट बसतील. परंतु लिफ्ट, उंच चढवायचे पाणी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, क्लबहाउस आणि पार्किंगचे पंखे यांचा सामाईक वापरच इतका असतो की तयार झालेले प्रत्येक युनिट तिथल्या तिथे संपते. महावितरणच्या घरगुती दरांमध्ये १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पायऱ्या आहेत; सामाईक मीटर बहुतेक वेळा वरच्या पायरीवर असल्यामुळे वाचलेले युनिट सर्वांत महाग युनिट असते. म्हणजे सध्याची योजना ज्या इमारतीला मापात शिवल्यासारखी बसते ती इमारत नव्या, तुलनेने सधन वस्तीतली आहे. आणि जिथे माणसामागे छप्पर भरपूर आहे त्या सिडकोच्या जुन्या, मध्यम व निम्न-मध्यमवर्गीय इमारतीत ती तोकडी पडते. धोरण आखणाऱ्यांचा असा हेतू नव्हता, पण परिणाम असा आहे, आणि न्याय्य संक्रमणाची, म्हणजे स्वच्छ ऊर्जेकडे जाताना कोणी मागे राहू नये याची, भाषा बोलणाऱ्या राज्यात तो दुर्लक्षिला जाऊ नये.

यावरचा उपाय अज्ञात नाही. एका छतावरच्या विजेचा हिशेब अनेक ग्राहकांच्या बिलांत ठरलेल्या प्रमाणात वाटून देण्याच्या पद्धतीला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्येच त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि पीएम सूर्यघर योजनेच्या मार्गदर्शक सूचनाही अशा पद्धतीने जोडलेल्या प्रकल्पांना पात्र मानतात. तंत्रज्ञानाच्या दृष्टीने यात नवीन काहीच नाही. बिल तयार करणाऱ्या संगणकप्रणालीत युनिटांची वाटणी करण्याचा हा प्रश्न आहे. तरीही सोसायटीचा सेक्रेटरी चौकशीला बाहेर पडतो तेव्हा त्याला समोर येतो तो एका ग्राहक क्रमांकाचा, एका मीटरचा अर्ज. साठ ग्राहकांचा एक अर्ज ही गोष्ट कागदोपत्री असली, तरी ती नेहमीच्या वाटेवर नाही.

सभेत प्रत्यक्षात काय बोलले जाते

अशा सभेत पहिला आक्षेप पैशांचा नसतो, गळतीचा असतो. नवी मुंबईत वर्षाला दोन ते तीन मीटर पाऊस पडतो, खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या हवेने काँक्रीटमधल्या सळ्या गंजतात, आणि सिडकोच्या अनेक इमारतींचे स्लॅब वयाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात प्लॅस्टर टाकू लागतात. चौथ्या मजल्यावरच्या रहिवाशाने छतातून ठिबकणाऱ्या पाण्याखाली बादली लावून पावसाळे काढलेले असतात, मेन्टेनन्समधून वॉटरप्रूफिंगचा खर्च व्हावा म्हणून तो समितीशी भांडलेला असतो, आणि अखेर गच्चीवर पत्र्याची पावसाळी शेड उभी राहिल्यानंतरच त्याचे छत कोरडे झालेले असते. अशा माणसाला आता कोणी सांगत असेल की ही शेड काढू, स्लॅबमध्ये बोल्ट ठोकू आणि त्यावर पॅनेल बसवू, तर त्याचा विरोध अडाणीपणाचा नाही. या संपूर्ण चर्चेत सर्वांत जास्त जोखीम तोच घेणार आहे आणि लाभ मात्र तळमजल्यावरच्या इतकाच मिळवणार आहे.

या आक्षेपाला तांत्रिक उत्तर आहे, आणि ते याच भागाच्या सवयीतून निघते. पावसाळी शेडच्या उंचीवर गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा सांगाडा उभारून त्यावर पॅनेल आणि पन्हळी पत्रे एकत्र बसवले, तर गच्चीवर छप्परही होते आणि वीजही मिळते. सांगाड्याचे खांब स्लॅबच्या मध्यावर न टेकवता खालच्या कॉलमांच्या रेषेत घेता येतात. पॅनेल आणि सांगाडा यांचे वजन चौरस मीटरला साधारण १५ ते २० किलो असते, जे सुस्थितीतल्या स्लॅबला जड नाही. खरी काळजी घ्यायची ती वाऱ्याने वर उचलले जाण्याची. जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते चक्रीवादळ यांनंतर नवी मुंबईतील कोणालाही उडणाऱ्या पत्र्यांबद्दल वेगळे सांगावे लागत नाही. त्यामुळे संरचना अभियंत्याने वाऱ्याच्या भाराचा हिशेब करून दिलेले प्रमाणपत्र येथे अनिवार्यच मानले पाहिजे. अशा उंच सांगाड्यामुळे खर्च वाढतो. किलोवॅटमागे ५५,००० ऐवजी ६५,००० रुपये धरावेत.

मात्र तांत्रिक उत्तर असणे आणि ते देणारा कोणी असणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. सौर कंत्राटदार पॅनेलची पंचवीस वर्षांची आणि इन्व्हर्टरची काही वर्षांची हमी देतो, पण गळतीबद्दल बोलत नाही. वॉटरप्रूफिंगवाला आपल्या कामाची हमी देतो, पण नंतर कोणी गच्चीत खिळा जरी ठोकला तर ती रद्द, असे लिहून घेतो. या दोन कंत्राटांच्या मधल्या फटीतून पाणी खाली येते. सरकारी अनुदान किलोवॅटवर मोजले जाते. गळतीविना पाच पावसाळे काढण्यावर ते मोजले गेले असते, तर या फटीत एखादा उद्योजक निश्चितपणे उभा राहिला असता. ज्याला आपण नवोपक्रम म्हणतो त्याला येथे लागणारी जागा ही आहे: छप्पर, गळती आणि वीज या तिन्हींची एकाच करारात हमी देणारा लहान व्यवसाय. त्यासाठी लागणारे कारागीर, फॅब्रिकेटर आणि इलेक्ट्रिशियन ठाणे-बेलापूर पट्ट्यात भरपूर आहेत.

दुसरा आक्षेप पुनर्विकासाचा. सिडकोने बांधलेल्या इमारतींपैकी अनेकांची स्थिती वाईट आहे. वाशीतील जेएन प्रकारच्या इमारतींचा प्रश्न तर दीर्घकाळ गाजत राहिला आहे. तीस वर्षांवरील इमारतींना संरचनात्मक तपासणी बंधनकारक असल्यामुळे प्रत्येक सोसायटीत हा अहवाल आणि त्यासोबत पुनर्विकासाची चर्चा येतेच. ‘इमारतच पडणार, तर पंचवीस वर्षांचे पॅनेल कशाला?’ हे वाक्य सभेत उच्चारले गेले की बहुतेकांना पटते.

पण गणित वेगळे सांगते. सात किलोवॅटचा सामाईक प्रकल्प ४.५५ लाखांना पडला आणि १.२६ लाख अनुदान मिळाले, तर संस्थेचे ३.२९ लाख गुंततात. सामाईक मीटरवर वाचलेल्या युनिटाची किंमत सरासरी बारा रुपये धरली, तर वर्षाला सुमारे १.१३ लाख वाचतात. तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. एखाद्या कुटुंबाने वाटणीतून एक किलोवॅट घेतला, तर ६५,००० मधून ३०,००० अनुदान जाऊन ३५,००० रुपये पडतात. वाचलेल्या युनिटाला आठ रुपये धरले तरी वर्षाला १०,८०० रुपये मिळतात, म्हणजे सव्वातीन वर्षांत परतफेड. पुनर्विकासाला किती काळ लागतो? राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांनी संमतीची अट ५१ टक्क्यांवर आणली हे खरे. परंतु विशेष सभा, वास्तुविशारद वा प्रकल्प सल्लागाराची नेमणूक, व्यवहार्यता अहवाल, निविदा, उपनिबंधक कार्यालयाच्या प्रतिनिधीसमोर विकासकाची निवड, करारनामा, जमीन भाडेपट्ट्याची असल्याने सिडकोची परवानगी आणि मग महापालिकेची बांधकाम परवानगी, ही साखळी पार करेपर्यंत तीन वर्षे सहज उलटतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्याच्या दुप्पट. शिवाय पॅनेल बोल्टने जोडलेले असतात. ते उतरवून दुसरीकडे लावता येतात. दिवस भरत आलेल्या इमारतीत सौरऊर्जा तोट्याची, ही समजूत हिशेबाला टिकत नाही.

तरीही आक्षेप टिकून राहतो, आणि त्याचे कारण परतफेडीच्या वर्षांत नसून अनिश्चिततेत आहे. इमारत रिकामी करण्याच्या दिवशी पॅनेल कोणाचे, ते विकासकाने कुठे ठेवायचे, नव्या इमारतीवर त्यांना जागा मिळणार का, भाड्याच्या घरात गेलेल्या सभासदाच्या वाट्याचे काय, नेट मीटरचा करार तात्पुरता थांबवता येतो की संपतो, यांपैकी एकाही प्रश्नाचे तयार उत्तर समितीपाशी नाही. उत्तर नसलेल्या कागदावर सही करायला मानधनाविना काम करणारा सेक्रेटरी का तयार होईल? उद्या दहा सभासदांनी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार केली, तर चौकशीला सामोरे जायचे त्याने. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले, पण ऊर्जानिर्मिती करणारी संस्था म्हणून सोसायटीची कल्पना आपल्या सहकाराच्या चौकटीत अजून रुजलेली नाही.

भाडेकरूंचा मुद्दा थोडक्यात नोंदवतो. नेरूळमध्ये कॉलेजे आणि कचेऱ्यांमुळे भाड्याने दिलेली घरे पुष्कळ आहेत. बिल भाडेकरू भरतो आणि वर्गणी मालकाने द्यायची असते. घरभाडे करारात सौर वाट्याची एक ओळ घालून हा प्रश्न सुटण्यासारखा आहे.

बसचा करार काय शिकवतो

नव्या तंत्रज्ञानाची अडचण यंत्रात नसून व्यवहारात असेल, तर ती सोडवता येते, याचे उदाहरण नवी मुंबई आणि ठाणे या दोन शहरांच्या रस्त्यांवर रोज धावते. विद्युत बस डिझेल बसपेक्षा चालवायला स्वस्त आणि विकत घ्यायला खूप महाग. तोट्यात चालणाऱ्या परिवहन उपक्रमांना ती खरेदी करणे शक्य नव्हते, आणि बॅटरी किती वर्षे टिकेल याची जोखीम घेण्याचीही त्यांची ताकद नव्हती. विद्युत वाहनांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या फेम योजनेच्या २०१९ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात बससाठी अनुदान देताना एक अट घातली गेली: बस विकत न घेता चालवण्याच्या कराराने घ्यायच्या. बसची मालकी, बॅटरी आणि देखभाल कंपनीकडे. उपक्रम किलोमीटरमागे ठरलेला दर देतो आणि तिकिटाचे उत्पन्न स्वतः घेतो. पुढे २०२२ मध्ये कोलकाता, दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद आणि सुरत या पाच शहरांसाठी ५,४५० बसची एकत्रित निविदा काढली गेली. बारा मीटर लांबीच्या बसला तीत किलोमीटरमागे ४३.४९ रुपये इतका कमी दर मिळाला. मग नवी अडचण दिसली. परिवहन उपक्रम वेळेवर पैसे देतील का, याची बँकांना खात्री नव्हती. त्यावर २०२४ मध्ये केंद्राने ३,४३५ कोटी रुपयांची देयक सुरक्षा यंत्रणा उभी केली, जिच्यामुळे उपक्रमाने हप्ता चुकवला तरी कंपनीचे पैसे अडकत नाहीत.

या कथेत प्रत्येक टप्प्यावर धोरणकर्त्यांनी विचारलेला प्रश्न मला मोलाचा वाटतो: आता नेमके कोण घाबरते आहे आणि कशाला? आधी उपक्रम बॅटरीला घाबरत होता, नंतर बँक उपक्रमाला घाबरत होती. प्रत्येक वेळी ती भीती पेलू शकणाऱ्याच्या खांद्यावर हलवली गेली. सोसायटीच्या बाबतीत हा प्रश्न कोणीच विचारलेला नाही. चौथ्या मजल्यावरचा रहिवासी पाण्याला घाबरतो, सेक्रेटरी सहीला घाबरतो, सभासद पुनर्विकासाला घाबरतो, आणि अनुदान मात्र या तिघांनाही तेच उत्तर देते: पॅनेल अजून थोडे स्वस्त.

या संस्थेसाठी, आणि तिच्यासारख्या इतरांसाठी

सर्वांत आधी युनिटांची वाटणी. साठ ग्राहक क्रमांकांची यादी, प्रत्येकाचा वाटा आणि सामाईक मीटरचा वाटा असलेला एकच अर्ज वीज वितरण कंपनीने सोसायट्यांसाठी नेहमीचा अर्ज म्हणून ठेवावा. वाटा सदनिकेला जोडलेला असावा, म्हणजे घर विकले तर तो नव्या मालकाकडे जाईल. आणि ज्याला वर्गणी द्यायची नाही त्याचा वाटा शून्य राहील, त्याच्यावर सक्ती होणार नाही. ही शेवटची तरतूद फार उपयोगाची आहे, कारण तिच्यामुळे ठरावाला साठही जणांच्या खिशात हात घालावा लागत नाही. गच्ची मात्र सर्वांची असल्यामुळे वाटा घेणाऱ्यांनी संस्थेला जागेचा काही मोबदला द्यावा हे न्याय्य ठरेल.

पुनर्विकासाबाबत राज्याच्या सहकार विभागाने नमुना तरतूद तयार करावी. व्यवहार्यता अहवालात सौर प्रकल्पाचे उरलेले मूल्य दाखवणे, विकासकाने ते भरून देणे किंवा पॅनेल उतरवून नव्या गच्चीवर त्याच सभासदांच्या नावे पुन्हा बसवणे, आणि मधल्या काळात नेट मीटर करार गोठवून ठेवणे, एवढे तीत असले तरी पुरे. त्याच विभागाने ठरावाचा नमुना द्यावा. त्याबरहुकूम ठराव करणाऱ्या समितीला सद्हेतूने घेतलेल्या निर्णयाबद्दल संरक्षण असावे.

महापालिकेची भूमिका अनुदान देण्याची नाही, माहिती देण्याची आहे. नवी मुंबई महानगरपालिकेने मालमत्ता कराच्या आकारणीसाठी लिडार तंत्राने, म्हणजे लेझर किरणांनी अंतरे मोजून, शहराचे सर्वेक्षण हाती घेतले. अशा सर्वेक्षणातून इमारतींची उंची आणि छपरांचा आकार कळतो, म्हणजे कोणत्या गच्चीवर कोणाची सावली किती वाजता पडते हेही काढता येते. ही माहिती सोसायट्यांना मोफत मिळाली, तर कंत्राटदाराने सांगितलेल्या क्षमतेवर डोळे झाकून विश्वास ठेवावा लागणार नाही. याशिवाय पावसाळी शेड आणि सौर सांगाडा यांना एकत्रित परवानगी देण्याची सोपी पद्धत महापालिकेनेच ठरवायला हवी. वॉटरप्रूफिंगसह हमी देणाऱ्या कंत्राटदारांच्या कामाची एक-दोन पावसाळ्यांची चाचणी पालिकेच्या शाळा आणि समाजमंदिरांच्या गच्च्यांवर घेता येईल. ज्यांच्या गच्च्या कोरड्या राहतील, त्यांची यादी वॉर्ड कार्यालयात लावावी.

संस्थेने स्वतः करण्याजोगी एक गोष्ट मात्र कोणाचीही वाट न पाहता आज होऊ शकते. पंप पहाटे आणि संध्याकाळी चालवण्याची सवय टाक्यांच्या क्षमतेमुळे पडली आहे. टाक्या पुरेशा असतील, तर तेच पंप अकरा ते तीन या वेळेत चालवून सौर विजेच्या वेळेशी जुळवता येतात. त्यासाठी एक टायमर आणि वॉचमनला दिलेली लेखी सूचना पुरेशी आहे.

सभेने विषय पुढे ढकलला असला, तरी पुढच्या सभेच्या कार्यपत्रिकेत तो ‘सौर पॅनेल बसवणे’ या एका ओळीने न येता तीन वेगळ्या ठरावांनी यावा असे मी सुचवेन: सात किलोवॅटच्या सामाईक प्रकल्पाला एकत्रित गळती-हमीसह मंजुरी, उरलेल्या ४३ किलोवॅटसाठी इच्छुक सभासदांच्या वाट्यांची नोंद करून व्हर्च्युअल नेट मीटरिंगचा अर्ज, आणि भावी पुनर्विकास करारात सौर प्रकल्पाच्या मूल्याचा समावेश. पहिला ठराव दुसऱ्यावर अवलंबून नाही, त्यामुळे वितरण कंपनीकडे अर्ज अडकला तरी पंपांची वीज सुरू होऊ शकते. मात्र सांगाड्याची रचना पहिल्यापासूनच ५० किलोवॅटसाठी करून घ्यावी, कारण नंतर वाढवलेला सांगाडा महागही पडतो आणि गच्चीला पुन्हा हात लावावा लागतो. सूर्यघर योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. संरचना अभियंत्याची तपासणी पावसाळ्यापूर्वी आणि सांगाड्याचे काम पावसाळा संपताच, असा क्रम धरला तर अर्जाची कागदपत्रे जमवायचे काम मधल्या चार महिन्यांत आटोपावे लागेल.